कोटातला निषिद्ध धागा

ज्यू धर्मशास्त्रात कापडाविषयी एक नियम आहे. मेंढीची लोकर आणि लिननचा धागा एकाच वस्त्रात जोडले गेले असतील, तर ते वस्त्र अंगावर घालायचे नाही. अशा मिश्रणाला शात्नेझ म्हणतात. ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ असलेल्या तोरामध्ये हा नियम दोनदा येतो, लेवीय १९:१९ आणि अनुवाद २२:११ येथे. पहिल्या ठिकाणी त्याच्या शेजारी दोन जातींच्या जनावरांचा संकर करण्याची आणि एका शेतात दोन प्रकारचे बी पेरण्याची मनाई आहे. दुसऱ्या ठिकाणी द्राक्षमळ्यात वेगळे बी मिसळण्याची आणि बैल व गाढव एका नांगराला जुंपण्याची. कारण कुठेच दिलेले नाही. नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे, पण आज त्याची खरी परीक्षा होते ती पुरुषांच्या कोटात आणि ब्लेझरमध्ये. बाहेरून निव्वळ लोकरीचे दिसणारे आणि आत न दिसणारे लिनन बाळगणारे वस्त्र आजच्या कपाटात बहुधा हे एकच असते.

या नियमामागे एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. ज्या आज्ञेचे कारण सांगितलेले नाही, ती विचारी माणसाने पाळावी का, आणि पाळली तर त्याच्या विचारशक्तीचे काय होते? खून करू नये, चोरी करू नये, या आज्ञा धर्मग्रंथाने सांगितल्या नसत्या तरी माणसाला सुचल्या असत्या. लोकर आणि लिनन एकत्र घालू नये, हे कोणालाही आपणहून सुचणार नाही. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या योमा या भागात अशा अतर्क्य आज्ञांची एक छोटी यादी आहे. डुकराचे मांस, महारोग्याची शुद्धी, प्रायश्चित्ताच्या दिवशी रानात सोडायचा बोकड अशा गोष्टींबरोबर शात्नेझही त्या यादीत आहे. इतर धर्मांचे लोक याच आज्ञांवर बोट ठेवतील, याची जाणीव त्या यादीमागे स्पष्ट दिसते.

प्रश्न नीट कळायला आधी दोन्ही धागे ओळखावे लागतात. लिनन जवसाच्या खोडातून निघते. विदर्भ-मराठवाड्यात जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी. धाग्यासाठी त्याच वनस्पतीचे उंच वाढणारे, कमी फांद्यांचे वाण लावतात. खोडे कुजवून, कुटून, विंचरून तंतू मोकळे करतात. हा तंतू अतिशय चिवट असतो आणि ओला झाला की आणखी मजबूत होतो, पण ताणला तर जेमतेम दोन-तीन टक्के लांबतो. म्हणून लिननला चुणी पडली की ती तशीच राहते. अंगातली उष्णता ते झटकन बाहेर जाऊ देते, त्यामुळे उन्हाळ्यात ते थंड लागते. लोकर अगदी उलट स्वभावाची. तिचा तंतू नागमोडी असतो, त्या वळणांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब देते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. ती ताणली तर कितीतरी लांबते आणि सोडली की पूर्ववत होते, म्हणून रात्रभर हँगरला टांगलेल्या लोकरी कोटाच्या चुण्या आपोआप निघून जातात.

दोघांचे गुण एकमेकांना पूरक आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. उन्हाळी ब्लेझरसाठी लोकर, लिनन आणि रेशीम एकत्र विणलेले कापड इटलीतल्या गिरण्या मोठ्या प्रमाणावर काढतात. लिनन गारवा आणि खरबरीत पोत देते, लोकर चुण्या आवरते, रेशीम थोडी चमक आणते. उष्ण हवेत अंगावर कोट ठेवणे भाग असलेल्या माणसाला याहून चांगले कापड सापडणे कठीण. हे मिश्रण पूर्वीही लोकांना माहीत होते. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुद येथे इ.स.पू. ९व्या-८व्या शतकाच्या सुमाराच्या कापडांचे तुकडे सापडले. त्यांतले बहुतेक लिननचे आहेत, पण मोजक्या तुकड्यांत लोकर आणि लिनन एकत्र आहे. याउलट मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरच्या गुहेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९६०-६१ मध्ये केलेल्या उत्खननात दुसऱ्या शतकातल्या ज्यू बंडाच्या वेळी लपलेल्या कुटुंबांचे कपडे मिळाले. त्यांत लोकरीचे कपडे आहेत, लिननचेही आहेत, मिश्र मात्र एकही नाही. जीव वाचवायला गुहेत शिरलेल्या माणसांनीही हा नियम मोडला नव्हता.

नियमाची व्याप्ती इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाने ठरवली. निषिद्ध लोकर म्हणजे फक्त मेंढीची. उंटाचे केस लोकरीत मिसळून कातले आणि त्यांत उंटाच्या केसांचा भाग अधिक असेल, तर त्या धाग्यासोबत लिनन चालते. निम्मे-निम्मे असेल तर चालत नाही. याच तर्काने बोकडाचे केस, मोहेर, काश्मिरी शेळीची पश्मिना ही सगळी मनाईबाहेर राहतात. सुती कापड तर दोन्ही बाजूंनी तटस्थ. मात्र प्रमाणाला किमान मर्यादा नाही. पूर्ण लोकरी कोटात लिननचा एक धागा शिवलेला असला तरी कोट वर्ज्य. जोड कशाला म्हणायचे, याचेही मोजमाप आहे: सुई एकदाच घातली तर तो जोड होत नाही, दोनदा आरपार गेली की झाला. लिननचा शर्ट आणि त्यावर लोकरी ब्लेझर घालायला हरकत नाही, कारण ती दोन वेगळी वस्त्रे आहेत.

मिश्नेच्या याच चर्चेत कपडे विकणाऱ्यांचा एक प्रसंग येतो, आणि शात्नेझच्या सगळ्या चर्चेत तो सर्वांत विचारप्रवर्तक म्हणावा लागेल. त्या काळी फेरीवाला विकायचे कपडे स्वतःच्या अंगावर टाकून हिंडत असे. त्यांत परधर्मीय गिऱ्हाइकांसाठी मिश्र कापडही असणारच. मग तो दिवसभर शात्नेझ पांघरून फिरतो, असे म्हणायचे का? मिश्ना म्हणते, तो आपल्या धंद्याच्या रीतीने विकू शकतो, पण उन्हात उन्हापासून आणि पावसात पावसापासून बचाव करण्याचा हेतू मनात असता कामा नये. जे अधिक काटेकोर असतील, ते कपडे काठीला अडकवून पाठीमागे धरतात. शिंप्यांनाही हीच मुभा आणि हीच अट.

इथे कापड अंगाला लागते की नाही, हा प्रश्न उरत नाही. त्यापासून मिळणारे सुख माणूस स्वीकारतो की नाही, हा उरतो. तालमूदने पुढे हेच सूत्र केले: वस्त्र घालणे म्हणजे वस्त्राचा लाभ घेणे, आणि वस्त्राचा पहिला लाभ ऊब आणि आडोसा हा आहे. खांद्यावर ओझे म्हणून वाहिलेला कोट आणि थंडी वाजते म्हणून ओढून घेतलेला कोट, हे शरीराच्या दृष्टीने सारखे असले तरी धर्माच्या दृष्टीने दोन वेगळ्या कृती ठरतात. बसायच्या आणि निजायच्या कापडांवर हाच विचार लागू केला गेला. मिश्र लोकरीचे ताठ, कडक आसन ऊब देत नाही, म्हणून ते चालते. मऊ गादीच्या कडेचा एखादा तंतू अंगाभोवती गुंडाळला जाईल, म्हणून ती टाळायची. दुकानात कोट फक्त मापासाठी क्षणभर चढवून पाहावा का, हा आजचा प्रश्नही याच धाग्याने सोडवला जातो. अनेक धर्मवेत्ते त्याला परवानगी देतात, कारण आरशापुढे खांद्याची शिवण जागेवर बसते का ते पाहणारा माणूस ऊब घेत नसतो.

कारणाचा शोध मात्र थांबला नाही. पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस याने सांगितले की हे मिश्रण पुरोहितांसाठी राखीव आहे, म्हणून इतरांना मना. याला ग्रंथाचा आधार आहे. जेरुसलेमच्या मंदिरातल्या महापुरोहिताच्या वस्त्रांत निळी, जांभळी आणि किरमिजी लोकर पांढऱ्या लिननशी विणलेली असे. लिननवर रंग नीट चढत नाही आणि लोकरीवर तो खोल बसतो; त्या काळात रंगीत आणि टिकाऊ असे भरजरी कापड हवे असेल तर हे दोन धागे एकत्र आणणे हाच सरळ मार्ग होता. सामान्य माणसालाही एक अपवाद होता: लिननच्या वस्त्राच्या कोपऱ्यांना निळ्या लोकरीचे धार्मिक गोंडे लावण्याची मुभा. म्हणजे मिश्रण स्वभावतःच वाईट मानले गेले नव्हते. ते पवित्रतेच्या जवळचे होते, आणि म्हणूनच रोजच्या वापरापासून दूर ठेवले होते, असे योसेफसच्या बाजूने म्हणता येते.

बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीजने ‘गाइड फॉर द परप्लेक्स्ड’मध्ये वेगळे कारण दिले. मूर्तिपूजक पुरोहित वनस्पतिज आणि प्राणिज धागे एकत्र केलेली वस्त्रे घालत, त्यांच्यापासून वेगळे राहण्यासाठी ही मनाई. तेराव्या शतकातल्या नाखमानिडीजने तिला सृष्टीच्या व्यवस्थेशी जोडले: ईश्वराने जाती वेगवेगळ्या निर्मिल्या, त्या मिसळणारा माणूस ती निर्मिती अपुरी ठरवतो. मिद्राश या जुन्या ज्यू भाष्यांत तर काइन आणि हाबेल या भावांच्या अर्पणांशी नाते जोडले आहे. एकाने जवसाचे बी आणले, दुसऱ्याने मेंढरे. एकाचा शेवट रक्तपाताने झाला, म्हणून दोघांची अर्पणे पुन्हा एकत्र येऊ नयेत. या सगळ्या कारणांचा दुबळेपणा एकच. त्यांतले कोणतेही खरे मानले, तरी फक्त मेंढीची लोकर आणि फक्त जवसाचा धागा एवढ्यापुरतीच मनाई का, उंटाचे केस का चालतात, सुती धागा का सुटतो, याचे उत्तर मिळत नाही. कारणे नियमाच्या आसपास फिरतात, नियमाच्या नेमक्या रेषेवर येत नाहीत.

भारतीय वाचकाला हा पेच अनोळखी नाही. पूर्वमीमांसेत विधींचे फळ दृष्ट आणि अदृष्ट अशा दोन प्रकारांचे मानले जाते. यज्ञासाठी भात कांडायचा, याचे दृष्ट फळ म्हणजे तुसे निघणे. पण तुसे नखांनीही सोलता येतात, मग कांडूनच काढायची हा आग्रह का? मीमांसक म्हणतात, तुसे निघण्याचे फळ डोळ्यांना दिसते, आणि तेच काम याच रीतीने करण्याच्या नियमातून एक न दिसणारे फळ उपजते. कोटालाही हे लागू पडते. ऊब हे कोटाचे दृष्ट फळ. ती कोणत्याही जाड कापडाने मिळेल. ती मिळवण्याचा एक मार्ग नियमाने बंद केला, तर त्या बंधनाचा अर्थ उबेच्या हिशेबात शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्रातल्या सोवळ्याशी तुलना करताना मात्र जपून राहावे लागते. सोवळ्यातही धाग्याची जात पाहिली जाते. रेशमी मुकटा किंवा कद आणि लोकरीची धाबळी यांना विटाळ लागत नाही असे मानत. सुती वस्त्र मात्र धुऊन, कोणी न शिवेल असे वाळवून मगच सोवळ्याचे होई. तिथे धाग्यांची उतरंड आहे, एक दुसऱ्यापेक्षा शुद्ध. शात्नेझमध्ये उतरंड नाही. लोकर शुद्ध आहे, लिनन शुद्ध आहे, दोन्ही पुरोहिताच्या अंगावर शोभतात; मनाई त्यांच्या संबंधाला आहे. इस्लाममध्ये पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य आहे, तिथे पुन्हा एका धाग्यावरच बंधन येते, आणि त्यातून वाट काढली गेली ती मिश्रणाचीच. मशरू या कापडात रेशीम वरच्या अंगाला आणि सूत त्वचेच्या बाजूला राहते. पूर्वीच्या औरंगाबादेत मशरू आणि सूत-रेशमाचा हिमरू यांचे माग नावारूपाला आले, आणि हिमरूच्या शेरवान्या दरबारी पोशाखात मिरवल्या. एका परंपरेत मिश्रण हा तोडगा ठरला, दुसरीत तोच गुन्हा. वस्त्राच्या धर्मनियमांना एकच सार्वत्रिक कारण शोधणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

मूळ प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मायमोनिडीजच्याच दुसऱ्या एका छोट्या ग्रंथात आहे. ‘आठ प्रकरणे’ या नावाने तो ओळखला जातो, आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात एक विसंगती सोडवलेली आहे. ग्रीक तत्त्वज्ञ म्हणतात, ज्याला वाईटाची इच्छाच होत नाही तो श्रेष्ठ. इच्छा होते पण आवरतो, तो त्याच्या खालचा. ज्यू आचार्य म्हणतात, इच्छा होऊनही आवरतो त्याचे मोल अधिक. मायमोनिडीज सांगतो, दोघेही बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या आज्ञांविषयी बोलत आहेत. खून, चोरी, कृतघ्नता यांची ओढ वाटणे हेच मनाचे वैगुण्य. तिथे इच्छा नसणेच चांगले. पण शात्नेझसारख्या आज्ञांत माणसाने त्या वस्तूचा तिटकारा स्वतःत निर्माण करू नये. वस्तू चांगली आहे, हवीशी आहे, हे मान्य करावे आणि केवळ आज्ञेसाठी तिच्यापासून दूर राहावे.

हे म्हणणे फार मोलाचे आहे, कारण ते पाळणाऱ्याला खोटे बोलण्यापासून वाचवते. नियम पाळणारे लोक सहसा वर्ज्य वस्तूची निंदा करू लागतात: ती आरोग्याला वाईट, ती मुळातच गलिच्छ. मायमोनिडीज ही पळवाट बंद करतो. लोकर-लिननचा ब्लेझर अंगावर उत्तम बसतो, उन्हाळ्यात तो निव्वळ लोकरीपेक्षा सुखकर असतो, हे पाळणाऱ्या माणसाने कबूल करायचे आणि तरीही तो खुंटीवर परत टांगायचा. इथे बुद्धीला गप्प बसवलेले नाही. कापडाविषयी तिचा निवाडा खराच राहतो, कृतीचा निर्णय तेवढा दुसऱ्या ठिकाणाहून येतो.

या निष्ठेला एक कठोर बाजूही आहे. तालमूदच्या बेराखोत भागात चर्चा येते: बाजारात चालताना आपल्या अंगावरच्या वस्त्रात शात्नेझ आहे असे कळले तर? उत्तर असे की वस्त्र तिथेच उतरवायचे, कारण ईश्वराच्या आज्ञेपुढे माणसाचा मान टिकत नाही. मायमोनिडीजने तर दुसऱ्याच्या अंगावर ते दिसले तर, तो आपला गुरू असला तरी, झेप घेऊन फाडावे असे लिहिले. पण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रोश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आशेर बेन येहिएलने हे मानले नाही. घालणाऱ्याला माहीतच नसेल, तर चारचौघांत त्याला उघडे पाडू नये, तो घरी पोचेपर्यंत थांबावे, असे त्याचे मत. युरोपातल्या अश्केनाझी परंपरेने पुढे हेच मत स्वीकारले. नकळत झालेल्या चुकीपेक्षा जाणूनबुजून केलेला अपमान जड ठरला, आणि तो निवाडा योग्यच म्हटला पाहिजे.

नकळत हा शब्द आजच्या कोटाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. कोटाची छाती आणि लॅपेल (पुढची दुमडलेली पट्टी) यांना जो बाक असतो तो वरच्या कापडाचा नसतो. आत कॅनव्हास घातलेला असतो, लोकर, घोड्याचे किंवा शेळीचे केस, सूत आणि कधी लिनन यांचा. शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी तो वरच्या कापडाशी बांधतात, तेव्हा लॅपेल सपाट न दबता मऊ वळते. कॉलरच्या खाली फेल्ट आणि त्याला ताठ ठेवणारे कडक लिनन, खिशाच्या तोंडाशी ओढ सहन करणारी लिननची पट्टी, बटणांना मेण लावलेला लिननचा दोरा, अशी लिननची नेहमीची ठिकाणे. लिनन लांबत नाही, म्हणूनच शिंपी ते तिथे घालतो; लोकर सैलावू पाहते आणि लिनन तिला आकारात धरून ठेवते. हाताने शिवलेल्या महागड्या कोटात ते असण्याची शक्यता म्हणूनच अधिक. स्वस्त कोटात चिकटवलेले पॉलिस्टरचे बकरम असते, मात्र त्याच्या खांद्याच्या पॅडमध्ये जुन्या कपड्यांचे पिंजलेले तंतू भरलेले असू शकतात, आणि त्यांत काय काय आहे हे कोणी सांगू शकत नाही.

लेबलही पुरेसे ठरत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार आकारासाठी घातलेले अस्तर, कॅनव्हास आणि भरणा यांची नोंद लेबलवर करण्याची सक्ती नाही. ते उबेसाठी घातले असेल तरच करावी लागते. मिश्नेने आणि आजच्या कायद्याने वेगवेगळ्या हेतूंनी उबेलाच सीमारेषा मानावे, हा योगायोग लक्ष वेधतो. पाच टक्क्यांहून कमी असलेला धागाही ‘इतर तंतू’ एवढ्या नावाखाली जाऊ शकतो. म्हणून तपासणीची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. युरोपातून निर्वासित होऊन आलेल्या जोसेफ रोझेनबर्गर यांनी १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शात्नेझची प्रयोगशाळा सुरू केली, आणि आज अमेरिका, ब्रिटन, इस्रायलमध्ये असे प्रशिक्षित तपासनीस आहेत. ते कोटाची खालची शिवण उसवतात, कॉलर, छाती, खांदे, खिसे आणि काजांजवळून एकेक तंतू काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले दिसतात. लिननचा तंतू बांबूसारखा, मधून मधून गाठी असलेला.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला हा प्रश्न फारसा भेडसावला नसावा. अलिबाग, पेण, पनवेलच्या दमट हवेत पोशाख सुती, लोकर क्वचित आणि जवसाचे कापड जवळपास नाहीच. जिथे दोन धागे भेटतच नाहीत तिथे त्यांना वेगळे ठेवण्याचे कष्टही नसतात. शनिवार पाळणारे तेली म्हणून गावोगाव ओळखल्या गेलेल्या या समाजातले बहुसंख्य लोक पुढे इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या मराठी बोलणाऱ्या घरांतही सणासुदीला, लग्नाला गरम कापडाचा सूट येतो, आणि त्यासोबत तपासणीचा प्रश्नही.

शात्नेझ सापडले तरी कोट बहुधा टाकावा लागत नाही. वरचे कापडच मिश्र विणलेले असेल तर इलाज नाही. दोष आतल्या थरात असेल तर शिंपी कॉलर सोडवतो, लिननची पट्टी काढून त्या जागी सुती किंवा पॉलिस्टरची बसवतो, बटणांचा दोरा बदलतो आणि शिवण पुन्हा मारतो. कॉलरचे काम सोपे, छातीच्या कॅनव्हासचे अवघड, कारण तो बदलला की लॅपेलचा बाक नव्याने घडवावा लागतो. म्हणून कोट घेतानाच विचारपूस करणारे गिऱ्हाईक पूर्ण लोकरी वरचे कापड, चिकटवलेले बकरम किंवा घोड्याचे केस आणि सूत यांचा कॅनव्हास, आणि लिनन नसलेली कॉलर अशी निवड करते. आणि शिंप्याकडे माप देऊन शिववणारा माणूस आतले सगळे सामान आधी समोर ठेवायला सांगतो.